गैरहजेरीचं अनेकवचन

एकोणीस वर्षं मी या काउंटीच्या कोर्टात टंकते आहे.
शांतताही टंकावी लागते.
तिच्यासाठी यंत्रावर कळ नाही,
म्हणून लिहायचं : उत्तर नाही.

त्या मंगळवारी साडेआठला
बेलिफने दारात उभं राहून पुकारा केला,
डेल्फीन रस्क.
पहिली फाईल : लायसन्स रद्द असताना पिकअप चालवली.
उत्तर नाही.
डेल्फीन रस्क.
दुसरी : टायरवाल्याला दिलेला चेक, वटला नाही.
उत्तर नाही.
डेल्फीन रस्क.
तिसरी : वेल्डिंगचं यंत्र, चोरीचं, तिच्या शेडमध्ये;
भावाने ठेवलं म्हणे.
उत्तर नाही.
बेलिफ तोच, दार तेच,
मध्ये तो फक्त एकदा खोकला.
खोकला मी टंकला नाही.

पुढे त्या एका सकाळीचे तीन गुन्हे झाले.
तीन फाईली, तीन जामीन, तीन मोडलेली वचनं,
सरकारी वकील बोटं मोडून दाखवत होता.
ज्यूरीच्या बाई तीनदा उठल्या, तीनदा म्हणाल्या, दोषी.
शिक्षा सतरा महिने,
त्यापुढे सतरा,
त्यापुढे सतरा.

माझी आई आम्हा तिघांना एकाच हाकेत जेवायला बोलवायची.
कोणीच गेलं नाही तर
मार तिघांना बसायचा,
पण आम्ही तिघं होतो.

अपिलाचं कोर्ट डोंगरापलीकडे, दीडशे मैलांवर.
तिथे मी नव्हते. निकाल वाचला, अकरा पानं.
सातव्या पानावर लिहिलंय :
शिक्षा न येण्याला आहे, फाईलींना नाही.
तारीख एक, वेळ एक, खोली एक,
आणि एका खोलीत एका वेळी
माणूस एकदाच नसू शकतो.
तिन्ही एकात विलीन करा.

एक न्यायाधीश वेगळे पडले. त्यांनी विचारलंय,
तिघांचं देणं बुडवून कोणी एकाच रात्री गाव सोडलं
तर देणं एकच होतं का?
मला तेही पटलं,
जेवणाच्या सुट्टीपर्यंत.

कुठल्याच पानावर नाही ते असं :
त्या मंगळवारी आठ पन्नासला
तिच्या वायपरखाली दंडाची पावती खोचली गेली.
कोर्टाचंच पार्किंग. माझ्या गाडीपासून चौथी जागा.
ती रात्रपाळीहून आली होती, चेरीच्या पॅकिंगमधून,
निळे रबरी मोजे अजून हातात,
सीट मागे पाडलेली.
झोप लागली होती की पाय उचलत नव्हता
ते तिलाच ठाऊक.
आणि सांगायची तरी पंचाईत :
लायसन्स नसताना गाडी हाकत आली होती
लायसन्स नसताना गाडी हाकल्याच्या खटल्याला.

मी सव्वाआठला त्या काचेवरून गेले.
काच श्वासाने धुरकटलेली.
ठोठावली नाही.
स्टेनोने ठोठावायचं नसतं.

आता नव्याने शिक्षा : सतरा महिने.
ती बावीस भोगून बसलेली.
वरचे पाच कुठल्या फाईलीला लावायचे
ते कोणी बोललं नाही, म्हणून टंकलंही गेलं नाही.
पिकअप कधीच लिलावात गेली,
चारशे डॉलरला.

सुनावणीला ती तुरुंगातून पडद्यावर आली.
केस कापलेले. मागे हिरवट भिंत.
डेल्फीन रस्क.
ओठ हलले. आवाज बंद होता.
न्यायाधीश म्हणाले, पुन्हा बोला.
ती पुन्हा बोलली, आम्ही पुन्हा पाहत राहिलो.
मग तिकडच्या पहारेकऱ्याचा हात पडद्यात आला,
त्याने काहीतरी दाबलं,
आणि भरल्या कोर्टात तिचा आवाज जरा जास्तच मोठा आला :
आहे ना. मघापासून आहे.

नोंदीत ते एकदाच आहे.